जुनी वस्त्रे मांडण्यासाठी पुतळे कसे घडवावेत?

गिरणाकाठ :
आमच्या तालुक्याच्या गावी एक जुने वाचनालय आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर गावातील घराण्यांनी वेळोवेळी दिलेल्या वस्तूंचे दालन असून, त्यात मलमलीचा एक अंगरखा, एक बाराबंदी, खणाच्या चोळ्या, जरीकाठाची एक रेशमी नऊवारी, तान्ह्या मुलाची कुंची आणि चळवळीच्या काळातील खादीचा एक सदरा अशी वस्त्रे आहेत. आजवर ती पेटीत घडी घालून ठेवलेली होती. आता दालनाची नव्याने मांडणी व्हायची आहे आणि समितीतील बहुतेकांचे मत असे आहे की, कापडाच्या दुकानात असतात तसले फायबरचे पुतळे आणावेत, त्यांना हे कपडे चढवावेत आणि काचेच्या कपाटात उभे करावेत. मला हे पटत नाही. परंतु नुसते नको म्हणून भागणार नाही, त्याऐवजी काय करता येईल हेही सांगावे लागेल. जाणकारांनी कृपया लिहावे की, जुन्या वस्त्रांना साजेसे पुतळे आपल्याकडे, खान्देशात मिळणाऱ्या सामानातून आणि इथल्याच कारागिरांच्या हातून घडवता येतील का, आणि कोणत्या वस्त्राला पुतळा द्यावा व कोणत्याला देऊच नये.

पांझरातीर :
भाऊ, आपला विरोध रास्त आहे. मी वस्त्रांच्या जतनाचे काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

दुकानातील पुतळा नवा कपडा विकला जावा म्हणून घडवलेला असतो. त्याचे खांदे रुंद, छाती पुढे काढलेली, हात कडक आणि बोटे पसरलेली असतात. कपडा सैल पडला तर दुकानदार मागून टाचण्या लावून तो आवळतो आणि घट्ट झाला तर ओढून चढवतो. नव्या शर्टाला हे सोसते. शंभर वर्षांच्या मलमलीचा धागा कोरडा आणि ठिसूळ झालेला असतो; तो कडक हातावरून ओढला की मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात तिथली, शिवण उसवते, आणि शिवण टिकली तर तिच्या शेजारचे कापडच विरते. शिवाय कपडा एकदा उभा टांगला गेला की त्याचे सगळे वजन खांद्यावरच्या दोन ठिकाणी येते. हे नुकसान महिनोन्‌महिने चालू राहते आणि नजरेला दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

म्हणून या कामाचा पहिला नियम असा की, पुतळा कपड्याच्या मापाने घडवायचा. कपडा पुतळ्याच्या मापाला कधीही आणायचा नाही. पुतळ्याचा घेर कपड्याच्या घेरापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर कमी ठेवतात आणि मग जिथे कपडा रिकामा, लोंबता दिसेल तिथे मऊ भर घालून आधार देतात. धड कोरण्यासाठी पांढऱ्या पॉलिइथिलीन फोमचे जाड थर वापरतात, ज्याला संग्रहालयांत एथाफोम या व्यापारी नावाने ओळखतात. त्यावर रजईत घालतात तसले पॉलिएस्टरचे वॅडिंग आणि सर्वांत वर धुतलेले, बिनरंगी सुती होजियरीचे कापड असते. हात कधीही कडक करू नयेत. कापडाच्या नळीत हलकी भर घालून ते सुटे शिवतात आणि कपडा धडावर चढल्यानंतर बाहीतून अलगद सरकवतात.

शिंपीआळी :
ताईंनी सांगितलेल्या मापाविषयी मला लिहायचे आहे, कारण आमचे घराणे शिवणकामाचेच आहे. आजचा शिंपी शर्टाचे माप घेतो तेव्हा छाती, कंबर, तीरा (दोन्ही खांद्यांमधील रुंदी), मुंढा आणि बाही ही मापे घेतो आणि खांद्याला उतार देतो. अंगरखा त्या बेताने शिवलेला नसतो. त्याची पाठ आणि पुढचा भाग जवळजवळ सरळ कापडाचे असतात, खांद्याला उतार नसतो, काखेत बगलेची स्वतंत्र पट्टी असते आणि खालचा घेर कळ्या, म्हणजे खाली रुंद होत जाणाऱ्या पट्ट्या, जोडून वाढवलेला असतो. असा कपडा आजच्या उतरत्या खांद्याच्या डमीवर घातला की गळ्याजवळ तो ताणला जातो आणि खांद्याच्या टोकाला पोकळ राहतो. तेव्हा धडाचा खांदा थोडा सपाट ठेवून त्यावर जाड, मऊ गादी करावी, म्हणजे वजन मानेपासून बाहीच्या जोडापर्यंत पसरते.

दुसरी गोष्ट बंदांची. अंगरख्याचा एक पदर दुसऱ्यावर येतो आणि बंदांनी बांधला जातो, म्हणून नुसता सपाट पसरून छातीचे माप घेतले तर ते चुकते. एक पदर दुसऱ्यावर जितका यायला हवा तितका आणून मगच माप घ्यावे, आणि तेही कापडी फितीने, कापड न ताणता. मूळ बंद बांधूच नयेत. त्यांच्या शेजारी नव्या सुती कापडाचे बंद पुतळ्यावरच शिवून त्यांनी पदर जागच्या जागी धरावा.

कापूसवाट :
भर घालण्यासाठी पॉलिएस्टर कशाला? आपला खान्देश कापसाचा मुलूख आहे. चांगला पिंजलेला कापूस इथे मुबलक आहे, तो नैसर्गिक आहे आणि जुन्या सुती वस्त्राला सुती भरच शोभेल, असे मला वाटते.

पांझरातीर :
कापूसवाट दादा, आपली भावना मला समजते, पण या ठिकाणी मी असहमत आहे. जिनातून आलेल्या कापसात सरकीचे कण, पानाचा कचरा आणि तेलाचा अंश राहतो. कालांतराने तो पिवळा पडतो आणि त्याचा डाग वरच्या वस्त्रापर्यंत येऊ शकतो. कापूस पावसाळ्यात ओलावा धरून ठेवतो आणि कसरीला आसरा देतो. पूर्ण स्वच्छ केलेला, बिनतेलाचा वैद्यकीय कापूस वापरता येतो, परंतु तोही दबला की गोळे होतात आणि पुतळ्याचा आकार बदलतो. खान्देशी कापसाला या कामात खरी जागा वरच्या आवरणात आहे. मांजरपाट किंवा होजियरी घेऊन, खळ पूर्ण निघेपर्यंत साध्या पाण्यात उकळून, कसलाही सुगंधी द्रव न वापरता धुऊन घ्यावी. जुन्या वस्त्राला प्रत्यक्ष स्पर्श याच थराचा होतो.

कापूसवाट :
आवरणाचा मुद्दा मान्य आहे. मात्र उकळून, वाफ देऊन, उन्हात कडकडीत वाळवलेला कापूस काही वर्षे तरी निर्धोक राहील, असे माझे मत अजूनही आहे. ज्या छोट्या संग्रहालयाला दुसरे काहीच परवडत नाही, त्याने तोच मार्ग धरला तर त्याला दोष देऊ नये.

वाघूर :
मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून सामान निवडण्याविषयी लिहितो. बंद काचेच्या कपाटात ठेवलेला प्रत्येक पदार्थ हळूहळू काही वायू सोडत असतो आणि ते वायू बाहेर न जाता वस्त्राभोवतीच साठतात. पीव्हीसी प्लास्टिकमधून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. गाद्यांत वापरला जाणारा पॉलियुरेथेन फोम काही वर्षांत चिकट होऊन भुगा होतो. लाकडातून अ‍ॅसेटिक आम्ल निघते. लोकर, नमदा आणि रबर यांतील गंधकामुळे चांदी काळी पडते, आणि जुन्या जरीत चांदीची तारच असते, हे नऊवारीच्या बाबतीत विसरता कामा नये.

अशी पारख करण्यासाठी ब्रिटिश म्युझियममधील अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये एक चाचणी बसवली, जी आज जगभर त्यांच्याच नावाने चालते. तपासायचा पदार्थ आणि चांदी, तांबे व शिसे यांच्या स्वच्छ पट्ट्या एका बंद काचपात्रात, थोड्या पाण्याच्या सान्निध्यात, ६० अंश सेल्सिअस तापमानाला २८ दिवस ठेवतात आणि मग पट्ट्यांवर डाग किंवा गंज चढला का ते पाहतात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ओव्हन असते, त्यामुळे ही चाचणी जळगाव, धुळे किंवा नंदुरबार येथेही करता येईल. विद्यार्थ्यांसाठी तो उत्तम प्रकल्प होईल.

पीव्हीसी ओळखण्याची चाचणी तर त्याहून सोपी आहे. तांब्याची तार ज्योतीत लाल करावी, प्लास्टिकला टेकवावी आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे आणि तो पदार्थ बाद करावा. हे काम उघड्या हवेत, धूर अंगावर न घेता आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे.

केळीबाग :
फोम कुठे मिळेल याची काळजी करू नये. रावेर-सावदा भागात निर्यातीच्या केळीच्या फण्यांमध्ये जे पांढरे पातळ फोमचे तुकडे घालतात, ते पॉलिइथिलीनचेच असतात. पॅकिंगचे सामान पुरवणाऱ्यांकडे त्याच जातीचे जाड पट्टेही मागवून मिळतात.

वाघूर :
केळीबाग, माहिती उपयोगाची आहे, आभार. मागवताना एवढे सांगावे की फोम पांढराच हवा. गुलाबी किंवा काळ्या फोममध्ये स्थिर वीज टाळणारी द्रव्ये आणि रंग असतात, तो घेऊ नये. आणि आलेल्या मालाचा तुकडा वर लिहिलेल्या चाचणीतून काढल्याशिवाय वापरू नये.

अनेर :
आता नऊवारीविषयी. ती पुतळ्याला नेसवू नये, असे माझे ठाम मत आहे. शिवलेल्या कपड्याला स्वतःचा आकार असतो, म्हणून त्याला धड देता येते. नऊवारी हे आठ मीटरहून थोडे अधिक लांबीचे सपाट वस्त्र आहे. ते नेसवायचे तर निऱ्या घालाव्या लागतात, कासोटा मागे खोचावा लागतो, पदर खांद्यावर ठरवावा लागतो आणि तो घसरू नये म्हणून टाचण्या लावाव्या लागतात. जुने रेशीम नेमके घडीवर तुटते. निरीच्या प्रत्येक दुमडीला एक चीर, असा तो हिशेब होईल.

बोरीकाठ :
अनेर ताई, आपले म्हणणे वस्त्राच्या बाजूने खरे आहे, पण पाहणाऱ्याच्या बाजूनेही विचार व्हावा. लुगडे घडी करून काचेखाली ठेवले तर आजच्या शाळकरी मुलीला त्यात केवळ काठ आणि पदर दिसेल. आपल्या आज्या-पणज्या ते नेसून शेतात वाकत होत्या, विहिरीवर पाणी ओढत होत्या, डोंगर चढत होत्या, आणि हे सगळे त्या कासोट्यामुळे साधत होते. नेसवल्याशिवाय नऊवारीचे हे मर्म कळणार कसे? निदान काही दिवसांपुरते तरी नेसवावे.

अनेर :
काही दिवसांपुरतेही नको, कारण घडीची इजा दिवसांवर अवलंबून नसते; ती पहिल्याच दुमडीत होते. आपण म्हणता ते दाखवण्यासाठी त्याच पोताचे आणि त्याच रुंदीचे नवे लुगडे घ्यावे, ते गावातील नेसणाऱ्या आजींकडून पुतळ्याला नेसवून घ्यावे आणि शेजारी मूळ लुगडे जाड नळीवर गुंडाळून, पदर आणि काठाचा हातभर भाग उलगडलेला ठेवावा. पुठ्ठ्याची नळी असेल तर तिच्यावर आधी पॉलिएस्टरची पारदर्शक फिल्म आणि मग धुतलेले मांजरपाट गुंडाळावे, म्हणजे पुठ्ठ्यातील आम्ल रेशमापर्यंत पोहोचत नाही. नवे लुगडे मुलींना हात लावून पाहता येईल, हा आणखी एक लाभ.

बोरीकाठ :
हा मार्ग मला मान्य आहे. नेसवणाऱ्या आजींचे नाव, त्यांची संमती घेऊन, फलकावर जरूर लिहावे.

गोमाई :
मी शहाद्याकडचा आहे. पुतळ्याच्या चेहऱ्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा समाजाचे पोशाख अनेक ठिकाणी पुतळ्यांना घालून मांडलेले मी पाहिले आहेत, आणि बहुतेक ठिकाणी ते पुतळे काळ्या रंगाने रंगवलेले, डोळे वटारलेले आणि हातात तीरकमठा दिलेले असतात. तो पोशाख ज्यांचा आहे ती माणसे आपल्या मुलांना घेऊन ते दालन पाहायला येतात तेव्हा त्यांना काय वाटत असेल, याचा विचार मांडणी करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. माझे म्हणणे असे आहे की, पुतळ्याला डोके असूच नये. धड मानेपाशी संपावे आणि त्याचा रंग करडा किंवा कच्च्या सुताचा असावा. टोप किंवा पागोटे दाखवायचे असेल तर धडाच्या वर, स्वतंत्र दांड्यावर, डोक्याच्या मापाचा मऊ गोल करून त्यावर ठेवावे.

सातपुड्यातील काठी या गावच्या होळीतील वेशाबाबत आणखी एक अडचण येते. मोरपिसांचा उंच टोप आणि कमरेचे घुंगरू व भोपळे यांचे वजन मोठे असते. नाचणारा माणूस ते आपल्या अंगावर पेलतो, फोमचे धड पेलू शकत नाही. अशा वस्तूंना मधल्या लोखंडी नळीपासून वेगळा आधार काढावा, जेणेकरून त्यांचा भार कापडावर येणार नाही. आणि हा वेश कसा घालतात, कशाच्या वर काय येते, हे त्या गावच्या नाचणाऱ्यांना बोलावून त्यांच्याच हातून करून घ्यावे.

बोरीकाठ :
गोमाई भाऊ, रंग आणि डोळे यांविषयी आपण लिहिलेले पूर्णपणे पटले. तरीही डोके अजिबात नसावे याविषयी मला शंका आहे. लहान मुलांना बिनडोक्याच्या पुतळ्यांची भीती वाटते, हे मी शाळेच्या सहलींत पाहिलेले आहे.

गोमाई :
तसे असेल तर नाक-डोळे नसलेले, गुळगुळीत डोके ठेवावे. माझा आग्रह एवढाच आहे की कोणत्याही समाजाचा चेहरा आपण कल्पनेने घडवू नये.

तापीथडी :
पुतळा कितीही उत्तम झाला तरी तो कुठे उभा राहणार, याचाही विचार व्हावा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हवा अगदी कोरडी असते. जुलैत तीच हवा ओलसर होते. उन्हाळ्यात प्रेक्षकांच्या सोयीसाठी दालनात पाण्याचा कूलर लावतात, हे मला सर्वांत घातक वाटते. दिवसभर कूलर चालला की कापड ओलावा घेऊन फुगते आणि रात्री तो बंद झाला की पुन्हा आकसते. रोजच्या या ताणाने धागा तुटतो. दालन खालच्या मजल्यावर, उत्तरेच्या बाजूला, जाड भिंतींच्या खोलीत घ्यावे आणि तिथे पंखा पुरेसा मानावा.

उजेडाचेही तसेच आहे. वस्त्रांसाठी ५० लक्सची (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) मर्यादा संग्रहालये पाळतात आणि खिडकीतून येणारे आपले ऊन त्याच्या कित्येक पट असते. अहमदाबादच्या कॅलिको वस्त्रसंग्रहालयाची स्थापना १९४९ ची. तेथील दालने मंद उजेडात ठेवलेली असतात आणि डोळे सरावले की सगळे दिसते. उजेडाने झालेली हानी साठत जाते, ती विश्रांतीने भरून येत नाही. म्हणून एक वस्त्र तीन-चार महिने मांडून पुन्हा पेटीत ठेवावे आणि त्या जागी दुसरे लावावे.

गिरणाकाठ :
तापीथडी, आमचे दालन पत्र्याच्या छपराखाली आहे, त्यामुळे आपले म्हणणे मी समितीपुढे आधी ठेवीन. सर्वांच्या उत्तरांतून पुष्कळ शिकायला मिळाले. मात्र समितीतील एका ज्येष्ठांनी विचारले आहे की परदेशांत तयार पुतळे मिळतात, ते का आणू नयेत?

पांझरातीर :
तयार पुतळे आहेत. क्योटो येथे १९७८ मध्ये स्थापन झालेल्या वस्त्रसंस्थेने युरोपीय पोशाखांसाठी, त्या त्या काळातील शरीराच्या ठेवणीनुसार वेगवेगळे पुतळे घडवले आणि अनेक देशांतील संग्रहालयांनी ते वापरले. पण ते कमर आवळणाऱ्या अंतर्वस्त्रांवर बेतलेले आहेत. आपली चोळी आणि आपला अंगरखा यांना त्यांचा उपयोग नाही. त्या संस्थेकडून घ्यायची ती दृष्टी घ्यावी, की प्रत्येक काळाच्या कपड्यामागे एक निराळे शरीर असते आणि पुतळा करणाऱ्याला आधी ते शोधावे लागते.

बुराई :
याच कारणासाठी मला खादीच्या सदऱ्याविषयी लिहावेसे वाटते. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता आणि त्यांचे सोबती हुतात्मा झाले, तेव्हा ती शाळेत जाणारी मुले होती. त्या चळवळीतील किती तरी कार्यकर्ते असे कोवळ्या वयाचे होते. त्या काळचा एखादा सदरा मुलाचा असेल आणि आपण तो मोठ्या माणसाच्या धडावर मागून उघडा ठेवून बसवला, तर पाहणाऱ्याला त्याच्या वयाचा पत्ताच लागणार नाही. धड त्या मुलाच्या उंचीचे करावे आणि जमिनीपासून खांदा जितका उंच असेल तितक्याच उंचीवर उभे करावे. सदऱ्यावरचे डाग, रफू आणि ठिगळ तसेच राहू द्यावे. मांडणीपूर्वी तो धुवायला टाकू नये. गिरणाकाठ, आपला सदरा कोणाचा होता हे ठाऊक आहे का?

गिरणाकाठ :
देणाऱ्या कुटुंबाने तो १९३६ च्या फैजपूर काँग्रेसला स्वयंसेवक म्हणून गेलेल्या त्यांच्या आजोबांचा असल्याचे सांगितले आहे. वय माहीत नाही, पण तीरा फारच अरुंद आहे.

बुराई :
तर मग धड अरुंदच करावे, आणि कुटुंबाकडे त्या काळातील छायाचित्र आहे का ते विचारावे. छायाचित्रावरून खांद्याची ठेवण आणि सदऱ्याची लांबी गुडघ्यापासून किती वर होती, हे नक्की ठरवता येते.

मोसम :
धुळ्याला वि. का. राजवाडे यांच्या पश्चात १९२७ मध्ये संशोधन मंडळ उभे राहिले आणि कागदपत्रे जपण्याची परंपरा खान्देशाने चांगली सांभाळली. कपड्यांच्या बाबतीत अशी जागरूकता फार थोड्या ठिकाणी दिसते, म्हणून हा धागा वाचून समाधान वाटले. मार्गदर्शन हवे असेल तर लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळा आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे संवर्धन केंद्र, या दोन्ही ठिकाणी पत्र लिहावे.

गिरणाकाठ :
समितीने फायबरचे पुतळे तूर्त थांबवले आहेत आणि पहिल्यांदा अंगरख्याचे धड करून पाहण्यास संमती दिली आहे. नऊवारी नळीवर जाईल. कुंचीसाठी गोमाई यांनी सुचवला तसा मऊ गोल आणि खाली पाठीचा पदर टेकायला उतरती फळी, असे ठरत आहे. अंगरख्याच्या कामाचा क्रम कृपया कोणी सांगावा.

पांझरातीर :
प्रथम अंगरखा स्वच्छ चादर अंथरलेल्या टेबलावर पसरून, दोघांनी मिळून सर्व मापे घ्यावीत आणि छायाचित्रे काढावीत. त्या मापांवरून मांजरपाटाचा हुबेहूब नमुना शिवावा. यापुढची प्रत्येक चाचणी त्या नमुन्यावर करावी. मूळ अंगरखा धड पूर्ण होईपर्यंत पेटीतून बाहेर काढू नये. मग छाती, कंबर आणि नितंब या पातळ्यांवरचे आडवे छेद कागदावर काढून त्याप्रमाणे फोमचे थर कापावेत, ते मधल्या पावडर-कोटेड नळीवर ओवावेत आणि लांब पात्याच्या सुरीने कडा उतरवून सलग आकार आणावा. त्यावर वॅडिंग हाताने टाचावे, होजियरी चढवावी आणि नमुना घालून पाहावा. कुठे ताण आला तर फोम कोरून कमी करावा, कुठे पोकळ राहिले तर भर द्यावी. खालच्या घेरासाठी सुती जाळीचा परकर शिवावा, नाहीतर कळ्या पायाशी लोंबून शिवणीवर भार येतो. नमुना निर्वेध चढू-उतरू लागला की मगच मूळ वस्त्राला हात घालावा, आणि तेव्हाही दोन माणसे हवीतच.

शिंपीआळी :
मांजरपाटाचा नमुना मी शिवून देईन, त्याची मजुरी नको. आपण मापे पाठवाल तेव्हा नेहमीच्या मापांबरोबर बगलेच्या पट्टीच्या चारही बाजू, प्रत्येक कळीची वरची व खालची रुंदी, बाहीची मोहरी (मनगटाकडच्या तोंडाचा घेर) आणि एका बंदापासून दुसऱ्या बंदापर्यंतचे अंतर हेही लिहावे. बाही हातापेक्षा लांब असेल तर तिच्या चुण्या मनगटावर किती येतात, ते दाखवणारे एक छायाचित्र सोबत असावे. कापड मी धुऊन, खळ काढून तयार ठेवतो.